रिफअतचा सात

रिफअत बयूमीच्या काही सवयी.

चहात चार चमचे साखर घालायचा आणि ढवळायचा नाही. चहा संपला की तळाची साखर चमच्याने खायचा.

पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक करायचा. त्याच्या एकूण एक शर्टाच्या खिशाला खाली काळं भोक असायचं.

जी लिफ्ट स्वतः उघडून पाहिलेली नाही तिच्यात पाय ठेवायचा नाही. नववा मजला असला तरी जिन्याने जायचा.

मासा खाताना काटे ताटाच्या कडेला लहान-मोठे असे ओळीने लावायचा.

कुणाच्याही दारात उभा राहिला की बोलता बोलता चौकटीवरून हात फिरवायचा. चौकट वाकडी असेल तर सांगायचा. यजमानाला ते आवडो न आवडो.

आणि कुणी 'बाशमुहंदिस' अशी हाक मारली की मागे वळून बघायचा. आपल्या पाठीमागे कुणी खरा इंजिनिअर येऊन उभा राहिलाय की काय, म्हणून.

हा शब्द आमच्या दुमयातमध्ये फार स्वस्त आहे. अर्थ मोठा, मुख्य इंजिनिअर. पण नळ जोडणारा बाशमुहंदिस, मोबाइल विकणारा बाशमुहंदिस, पंखा उलटा बसवणारासुद्धा बाशमुहंदिस. रिफअत लिफ्ट दुरुस्त करायचा, तेव्हा त्याला तर दिवसातून वीसदा ही हाक यायची. तो दर वेळी थोडा आक्रसायचा.

"लोक मान देतात तर घे की," हातिम म्हणायचा. हातिम त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. अरबी साहित्यात पदवी घेतली आणि बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसला. "मला कुणी पंडित म्हणत नाही. झेरॉक्स म्हणतात. 'ए झेरॉक्स, दोन्ही बाजू काढ.'"

"तुझ्याकडे डिग्रीचा कागद आहे, मान नाही. माझ्याकडे मान आहे, कागद नाही," रिफअत म्हणायचा. "बदलतोस?"

दुमयात हे सुतारांचं गाव. सकाळी अजान होते आणि तिच्या मागोमाग रंध्याची यंत्रं किंचाळायला लागतात, ती रात्रीच्या जेवणापर्यंत. रिफअतचा बाप सुतारच होता. पन्नाशीच्या आत गेला. छातीत भुसा आणि पॉलिश भरलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा रिफअत चौदाचा होता. आई, सनिय्या, तिने बापाच्या कारखान्याला कुलूप घातलं आणि मुलाला तंत्रशाळेत घातलं, विजेच्या शाखेत. तारेची धूळ तरी होत नाही, म्हणाली.

तंत्रशाळेत गेलेल्या मुलाला विद्यापीठाचं दार बंद. एक चिंचोळी खिडकी मात्र ठेवलेली आहे. तिला 'मुआदला' म्हणतात, म्हणजे बरोबरी. डिप्लोमावाल्याने ही परीक्षा द्यायची आणि दाखवायचं की आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत. बसतात हजारो. निघतात थोडे. निघालेल्यांतलेही निम्मे पहिल्या वर्षीच घरी परततात. कारण तिथे सगळं इंग्रजीत आणि सगळं उलटं.

उलटं म्हणजे खरोखरच उलटं. आमच्या शाळांत समीकरण उजवीकडून डावीकडे चालतं, तिथे डावीकडून उजवीकडे. आकडेही वेगळे. आमचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. पोकळ वाटोळं काढलं की तो पाच. वरती आडवी रेघ आणि तिच्या टोकापासून खाली एक पाय, हा आमचा सहा. तिकडे हाच सात होतो. वर्षानुवर्षं एका हाताने एका दिशेला लिहिलेल्या माणसाला हे डोक्यात कळतं. हाताला आणि डोळ्याला कळत नाही.

पहिल्या खेपेला रिफअतला हेच नडलं. यांत्रिकीच्या पेपरात एक उतार होता. वीस अंशांचा. घाईत त्याच्या डोळ्यांनी जुन्या सवयीने वाटोळ्याचा पाच केला. उतार झाला पंचवीस अंशांचा आणि त्याच्यावरचा पुढचा सगळा प्रश्न गेला. गणित एकदम चोख सोडवलं होतं. फक्त ते दुसऱ्याच कुठल्या उतारावरचं होतं.

चार गुणांनी गेला.

"पाच अंश जास्त घसरलो," एवढंच तो हातिमला म्हणाला. हसलाही. मग आठ दिवस दुकानावर आला नाही.

पुढच्या वर्षी तो शिकवणीला मन्सुरा शहरापर्यंत जायला लागला. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं, "तुमचा हात जुनं विसरला पाहिजे. भाजीची यादी लिहा, ती त्यांच्या आकड्यांत. टेलिफोन लिहा, त्यांच्या आकड्यांत. बायकोला खर्चाला द्याल तेव्हासुद्धा." वर्ग हसला. रिफअतने ते वहीत लिहून घेतलं.

आणि तो अक्षरशः तसं वागला. लिफ्टच्या तारांवरच्या पट्ट्या, गिऱ्हाइकांचे पत्ते, वाण्याची यादी, सगळं.

सनिय्या एकदा बाजारातून आली ती दारातूनच ओरडत.

"पंधरा अंडी! कुणाचं लग्न आहे या घरात? कोंबडीचं?"

"पंधरा कुठे? दहा लिहिलीत," रिफअत म्हणाला.

"मी आंधळी नाही. एक आणि पाच. हे बघ."

"ते वाटोळं म्हणजे शून्य आहे, आई."

"शून्याला टिंब असतं."

"त्यांच्यात वाटोळं असतं."

"त्यांच्यात म्हणजे कुणाच्यात?"

"इंजिनिअरांच्यात."

"मग अंडीही त्यांच्याच बाजारातून आणत जा."

हातिम तेव्हा तिथेच बसला होता. तीन दिवस त्या घरात सकाळ-संध्याकाळ अंडी झाली. हातिमनेही त्यातली चार खाल्ली.

जुलैत दुसऱ्यांदा परीक्षा झाली. शेवटच्या पेपराहून रिफअत थेट झेरॉक्सच्या दुकानात आला. हातात मशब्बकचा पुडा, आमच्याकडची जिलबीच ती. पुडा त्याने काउंटरवर ठेवला आणि हातिमला एक तुकडा दिला. मग म्हणाला, "उतार तीस अंशांचा होता. तीसच वाचला."

आता वाट बघणं उरलं.

ही शेवटची वाट होती, हे दोघांनाही माहीत होतं. डिप्लोमाला पाच वर्षं झाली की बसू देत नाहीत, आणि रिफअतची पाच वर्षं याच उन्हाळ्यात संपत होती. तो रोज दुपारी कॉलेजच्या कचेरीत फोन लावायचा. तिकडून एक बाई रोज सांगायची, "बुकरा, इन्शाअल्लाह." बुकरा म्हणजे उद्या. निदान शब्दकोशात तरी.

"आता ती मला आवाजावरून ओळखते," रिफअत म्हणाला. "आज म्हणाली, 'बुकरा, बाशमुहंदिस.'"

"मग तू मागे वळून बघितलंस का?"

"फोनवर कसं बघणार, गाढवा?"

पण तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. पहिल्या वर्षाची पुस्तकं त्याने एका मुलाकडून दोन आठवड्यांसाठी मागून आणली होती. मालक दुपारच्या नमाजाला गेला की हातिम ती झेरॉक्स करायचा. रोज तीस-चाळीस पानं. चारशेवर पानं झाली. रिफअत काम आटोपून यायचा, दुकानाच्या मागच्या बाजूला कागदाच्या गठ्ठ्यांवर बसायचा आणि बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचा. डावीकडून उजवीकडे. एखादी ओळ चुकून उजवीकडून सुरू झाली तर सबंध पान फाडायचा.

"अजून घेतलं नाही तुला," हातिम म्हणायचा. "नवरीने होकार दिला नाही आणि तू पाळण्याची दोरी वळतोयस."

"तिथे पहिल्या आठवड्यापासून पळायला लावतात. मी चालायला शिकत तिथे जाऊन काय करू?"

"आणि नाहीच झालं तर?"

रिफअतने पेन्सिल उलटी केली. दुसऱ्या टोकाने लिहायला लागला.

"नाही झालं तर दुमयातचा सगळ्यात शिकलेला लिफ्टवाला म्हणून मरेन," तो म्हणाला. "जा, ते दिवाणजी उभे आहेत. त्यांना दोन्ही बाजू हव्यात."

सप्टेंबरच्या एका रविवारी नदीच्या रस्त्यावरच्या एका आठमजली इमारतीत त्याला बोलावणं आलं. लिफ्ट मधेच अडकत होती. त्याचा जोडीदार मावसभावाच्या लग्नाला गेला होता. रिफअत एकटाच गेला.

एकट्याने काम करायचं असलं की तो फ्यूज काढून खिशात टाकायचा. फ्यूज खिशात म्हणजे लिफ्ट खिशात, असं म्हणायचा. पण या इमारतीत दोन महिन्यांपूर्वीच नवं बटण बसवलं होतं. वर केलं की चालू, खाली केलं की बंद. काढून खिशात घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याने बटण खाली केलं. वहीतला कागद फाडला, त्याच्यावर लिहिलं आणि बटणावर चिकटवला.

'लिफ्टचं काम चालू आहे. 7 वाजेपर्यंत हात लावू नये.'

अक्षरं आमची होती. आकडा तिकडचा होता. हाताला आता दुसरा येतच नव्हता.

मग तो लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरला.

इमारतीचे रखवालदार शाफई काका साठीचे. दक्षिणेकडचे, खेड्यातले. पन्नासाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहा-वाचायला शिकले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. विजेची बिलं वाटताना प्रत्येकाला आकडा मोठ्याने वाचून दाखवायचे. लोक चिडायचे. ते वाचायचेच.

साडेपाचच्या सुमाराला पाचव्या मजल्यावरचे हाजी मितवल्ली इस्पितळातून परत आले. मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा यंत्राला लावायचे. चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसले होते. बरोबर त्यांची सून.

"काका, लिफ्ट लावा ना. यांना कसं नेऊ वर?"

"काम चाललंय, बाई. सहापर्यंत बंद. लिहून ठेवलंय त्याने."

"मान बघा त्यांची."

"सहा वाजू देत. लिहिलंय म्हणजे लिहिलंय."

म्हणजे शाफई काका थांबले. कागदावर होतं तेवढं ते थांबले. सहाला दोन मिनिटं कमी होती, तीही त्यांनी काढली. मग खड्ड्याच्या दिशेने दोनदा हाक मारली, "बाशमुहंदिस! बाशमुहंदिस, झालं का?" शेजारच्या कारखान्यात रंध्याचं यंत्र किंचाळत होतं. उत्तर आलं नाही. पोरगा काम संपवून निघून गेला असेल, असं त्यांना वाटलं.

त्यांनी बटण वर केलं. चौथ्या मजल्यावरून लिफ्ट खाली यायला निघाली.

हातिमला दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलाच्या कचेरीत बोलावलं. हस्ताक्षर ओळखायला. वकील त्याच्याच वयाचा होता. टेबलावर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता. चिकटपट्टीचे तुकडे अजून कोपऱ्यांना होते. भिंतीशी शाफई काका उभे होते, एका शिपायाच्या हाताला बेडीने जोडलेले.

"हे अक्षर मयताचं का?"

"हो."

"हा आकडा कोणता?"

हातिमने बघितलं. वर आडवी रेघ, खाली पाय. त्याने बराच वेळ बघितलं. बघेल तसा तो बदलत होता.

"सहा आहे, साहेब," शाफई काका भिंतीकडून म्हणाले. "माझ्या मुलांची शपथ, सहा आहे. वर्गात असाच शिकवला मला. बाईंनी माझा हात धरून काढून घेतलाय."

"तुम्हाला विचारलं नाही," वकील म्हणाला. "तुम्ही सांगा. साहित्याचे पदवीधर ना तुम्ही? वाचता येतं ना?"

"त्याने सात लिहिलाय," हातिम म्हणाला. "आणि यांनी सहा वाचलाय."

"म्हणजे?"

"दोघांचंही बरोबर आहे."

"असं चालत नाही हो. मला एकच आकडा लिहायचाय."

हातिमने आपल्या पिशवीतून रिफअतच्या वह्या काढल्या. सोबत घेऊन आला होता, का ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. वकिलाने चाळल्या. पानंच्या पानं. एका बाजूने दुसऱ्या बाजूला पळणारी समीकरणं, फाडलेल्या पानांच्या कडा, वाण्याच्या याद्या, टेलिफोन. कुठेही एक आकडा आमचा नव्हता.

"हे कशासाठी?" त्याने विचारलं.

"इंजिनिअरिंगला जायचं होतं त्याला. हाताला सवय लावत होता."

वकिलाने वही मिटली. लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाला, "सात." कारकुनाने तो अक्षरांत लिहिला. शाफई काकांना चौकशीसाठी चार दिवस आत ठेवायचा हुकूम झाला. बेडी नसलेल्या हाताच्या बोटाने ते हवेत काहीतरी काढत होते. वर एक रेघ, खाली एक रेघ. पुन्हा वर एक रेघ.

चार दिवसांचे आणखी चार झाले. मग सनिय्याला बोलावलं. रखवालदाराविरुद्ध तक्रार द्यायचीय का, हे आईच्या तोंडून हवं होतं. हातिम तिला घेऊन गेला. काळा पोशाख, हातात रुमाल, डोळे कोरडे.

"यांच्या चुकीमुळे तुमचा मुलगा गेला," वकील म्हणाला. "तुमचा हक्क आहे."

सनिय्याने शाफई काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केली नाही.

"यांना कितवीपर्यंत शिकवलंय?" तिने विचारलं.

"साक्षरता वर्ग," कारकून म्हणाला.

"मीही तिथलीच." ती वकिलाकडे वळली. "मला दहा लिहून दिले आणि मी पंधरा आणले, साहेब. माझ्या पोटचा पोरगा, माझ्याच घरात, आणि मला त्याचं लिहिलेलं वाचता आलं नाही. तेव्हा अंडी होती म्हणून हसलो. यांना आत ठेवायचं तर मलाही ठेवा."

"खाला, तसं नसतं," हातिम म्हणाला.

"मग कसं असतं ते लिहू दे त्यांना," ती म्हणाली. "मी अंगठा देते. सहीसुद्धा येते मला."

तिने सही केली. तक्रार नाही, अशी. शाफई काका त्या संध्याकाळी सुटले. खटला मात्र संपला नाही, अजूनही नाही. त्या इमारतीत ते परत गेले नाहीत. गावाकडे गेले म्हणतात.

निकाल त्यानंतर तीन दिवसांनी आला. दुपारी. हातिम सनिय्याकडेच होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी देत. रिफअतचा मोबाइल कपाटावर चार्जरला लावलेला होता. तो बंद पडू नये, असं सनिय्याला वाटायचं. मोबाइल वाजला, मेसेज आला होता.

"बघ रे, काय आलंय. मोबाइल कंपनीचा आहे का?"

हातिमने वाचलं. मग पुन्हा वाचलं. आकडे त्यांचे होते, तेव्हा सावकाश वाचले.

"कॉलेजचा आहे, खाला. घेतलंय त्याला."

सनिय्याने कॉफीची किटली खाली ठेवली.

"कधीपासून जायचंय?"

"शनिवारपासून."

"शनिवारपासून," ती म्हणाली. उठली. खिळ्यावरची किल्ली काढली. "चल माझ्याबरोबर. एक वस्तू आहे, ती मला एकटीला उचलता येत नाही."

नवऱ्याच्या कारखान्याचं कुलूप तिने स्वतः उघडलं. नऊ वर्षं बंद होता. ऑगस्टमध्ये रिफअतने किल्ली मागितली, असं तिने सांगितलं. ती भांडली. लाकडाला हात लावू देणार नाही म्हणाली. तेव्हा त्याने समजावलं की पहिल्या वर्षी चित्रकामाला मोठी फळी लागते, मेजाएवढी, आणि दुकानातली फळी सरळ नसते, तो बघून आला होता. एवढी एकच वस्तू करतो आणि कुलूप लावतो, म्हणाला. तोंडाला फडकं बांधून करतो, म्हणाला. म्हणून तिने दिली.

फळी बापाच्या कामाच्या ओट्यावर शिकंज्यात आवळलेली होती. फिकट लाकडाच्या पाच पट्ट्या, सरस लावून जोडलेल्या. हातिमने वरून हात फिरवला. सांधे बोटाला लागत नव्हते. तीन कडा रंधून झाल्या होत्या. त्याने गुण्या लावून दोन कोपरे पाहिले. दोन्ही काटकोनात होते.

चौथ्या कडेला पेन्सिलीची रेघ होती. तिथवर रंधायचं होतं. निम्म्यापर्यंत कड रेघेला भिडली होती. पुढे बोटभर लाकूड तसंच होतं, खडबडीत, करवतीचे दात उमटलेलं. रंधा तिथेच, कडेवर, टेकवून ठेवला होता.